माळ्यावरचं पिस्तूल आणि खराट्याचा हीर

पुण्यात वाडा पाडायला निघाला की माळ्यावरून काय काय खाली येणार, हे ठरलेलं असतं. तांब्याचा बंब, फुटके पाट, कुणाच्या तरी मुंजीतलं घंगाळ, वाळवी लागलेल्या पोथ्या. आणि एखाद्या घरात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल. नारायण पेठेतल्या माझ्या एका मित्राकडे गेल्या दसऱ्याच्या आधी असंच एक निघालं. वीतभर नळी, आक्रोडाचा दस्ता, बुडाला पितळेची टोपी. वरच्या घोड्यावर, म्हणजे चाप ओढला की पुढे आदळणाऱ्या भागावर, कुंकवाची इतकी पुटं चढलेली की जबड्यात दगड आहे की नाही तेही दिसेना. एके काळी दर खंडेनवमीला त्याची पूजा व्हायची. मग कधीतरी ते माळ्यावर गेलं आणि विसरलं गेलं.

घरात लगेच तीन पक्ष पडले. मित्राचे वडील, अण्णा, म्हणाले, "आपले पूर्वज पेशव्यांच्या पदरच्या पानशांच्या तोफखान्यात होते, त्यांचंच हे." न्यू जर्सीचा चुलतभाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "अँटीक आहे, लायसन्स लागत नाही. मला पाठवून द्या." काकू म्हणाल्या, "आधी ते जेवणाच्या टेबलावरून उचला." तिघांत सगळ्यात कमी माहिती काकूंना होती, आणि सगळ्यात बरोबर त्याच होत्या.

अशी पिस्तुलं पेठांतून आणि गावाकडच्या घरांतून अजून निघत असतात. त्यांच्याबद्दल लोक ठामपणे जे बोलतात त्यातलं बरंचसं सिनेमातून आलेलं असतं. म्हणून मुळापासून.

तोडा, चकमक, टिकली

जुन्या बंदुका बहुतेक ठासणीच्या. म्हणजे तोंडाकडून दारू ओतायची, वर शिशाची गोळी आणि कापडाचा किंवा कागदाचा बोळा घालायचा, आणि गजाने ठासायचं. "ठासून सांगितलं" म्हणताना आपण वापरतो तेच हे ठासणं. भरायची पद्धत सगळ्यांची एकच. फरक आहे तो ती दारू पेटवायची कशी, यात.

सगळ्यात जुनी तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे सोरा नावाच्या क्षाराच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी. ती उदबत्तीसारखी धुमसत राहते आणि चाप ओढला की तिचं जळतं टोक दारूला टेकतं. नंतर चकमकीची बंदूक, जिला इंग्रजीत फ्लिंटलॉक म्हणतात. हिच्यात दोरी नाही, दगड आणि पोलाद. शेवटी टोपीची. दिवाळीत आपण टिकली दगडावर ठेवून ठोकतो ना, तीच कल्पना: टोला बसला की पेटणारं रसायन. अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटलंडमधल्या पाद्र्याने या कल्पनेचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं. त्याला पक्षी मारायचा नाद होता, आणि चकमकीची ठिणगी दिसताच पक्षी उडून जात. पुढच्या तीसेक वर्षांत या टिकलीने चकमकीला घरी बसवलं.

माळ्यावरचं पिस्तूल मधल्या जातीचं, चकमकीचं.

दगड जळत नाही, लोखंड जळतं

दारात सायकलवर धार लावणारा येतो, त्याच्या चाकातून उडणारी फुलबाजी आठवा. तिथे दगड जळत नसतो. दगड लोखंडाचे अगदी बारीक कण खरवडून काढतो, घर्षणाने ते तापतात आणि हवेत पेटतात. चकमकीच्या पिस्तुलात तेच एकदाच आणि झटक्यात घडतं.

घोड्याच्या जबड्यात गारेचा, म्हणजे चकमकीच्या दगडाचा, धारदार तुकडा कातड्यात घट्ट धरलेला असतो. समोर एक उभी पोलादी झडप. तिच्या खाली छोटी वाटी आणि वाटीत चिमूटभर बारीक दारू, जिला रंजक म्हणतात. (मनोरंजनाशी संबंध नाही.) चाप ओढला की घोडा पुढे आदळतो, दगड झडपेला खरवडत खाली जातो, त्याच धक्क्याने झडप पुढे उघडते आणि ठिणग्या थेट वाटीत पडतात. रंजक भकन पेटते. वाटीलगत नळीला एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. त्या कानातून ज्वाळा आत शिरते आणि आतली ठासलेली दारू उडते. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्शात, यंत्र उत्तम असेल तर त्याहूनही लवकर.

कान शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तोफ शत्रूच्या हाती पडणार असं दिसलं की तिच्या कानात खिळा ठोकून ती निकामी करत. तो हाच कान.

दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. वजनाने साधारण ७५, १५ आणि १० असं प्रमाण. जळणारे पदार्थ कोळसा आणि गंधक. सोरा त्यांना आतल्या आत प्राणवायू पुरवतो, म्हणून ही दारू बंद नळीतही जळते. पण ती ओल धरते, आणि वाटीतली रंजक तर उघड्यावरच. कधी दगड बोथट झालेला, कधी कान काजळीने बुजलेला, कधी नुसती पावसाची सर. वाटीत भडका होतो, नळी गप्प. फुसका बार.

दोनशे वर्षांची दारू पेटते का?

पेटते. कोरडी राहिली असेल तर खुशाल पेटते, कारण तिच्यात दुधासारखं नासण्याजोगं काही नाही. आणि बार भरून ठेवलेलं हत्यार तसंच खुंटीला टांगून मालक वारला, असं जगभर घडलेलं आहे.

म्हणून काकूंचं ऐकून आम्ही एकच तपासणी केली. खराट्याचा हीर घेतला. लोखंडी सळई नको, तिची ठिणगी पडू शकते. पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे, घोडा खाली पडलेला, चापाजवळ कुणाचं बोट नाही, तोंडासमोर कुणाचं डोकं नाही. हीर अलगद आत सोडला, टेकला तिथे नखाने खूण केली आणि बाहेर काढून नळीवर बाहेरून धरला. नळी रिकामी असेल तर हीर कानापर्यंत पोचला पाहिजे. आमचा दोन बोटं अलीकडेच थांबला.

म्हणजे आत काहीतरी होतं.

कुणी काही बोललं नाही. अण्णांनी चष्मा काढून पुसला. मित्राने पिस्तूल तसंच, तोंड भिंतीकडे ठेवून, कोपऱ्यात नेलं आणि पोलीस चौकीला फोन लावला. तुमचाही हीर असा अडला तर एवढंच करायचं. कोरायचं नाही, ठोकायचं नाही, तेल ओतून "सैल करून बघू" म्हणायचं नाही, आणि पिशवीत घालून रिक्षाने चौकीत तर अजिबात न्यायचं नाही. हीर घालण्याचीही भीती वाटली तर सरळ फोन करावा.

कळीतली कुत्री

या पिस्तुलाचा जीव नळीत नसतो, कळीत असतो. इंग्रजीत लॉक म्हणतात ते कुलूप नव्हे, ही कळ. बाजूची लोखंडी पाटी उलटी केली की आत घड्याळासारखा संसार दिसतो. इंग्रजी व्ही अक्षरासारखी वाकवलेली एक जाड स्प्रिंग, घोड्याच्या आसाला बसवलेली खाचांची चकती, आणि त्या खाचेत दात रोवून बसलेलं कुत्रं. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये जी कुत्री असतात, त्यांचंच हे भावंड. डच लोकांना दगड टोचणारा हा भाग कोंबड्यासारखा दिसला, इंग्रजांनीही कोंबडाच म्हटलं, आपण घोडा म्हणतो. प्राणिसंग्रहच आहे एकूण.

चकतीला खाचा दोन. पहिल्या खाचेत घोडा अर्धा चढतो; तिथे चाप ओढला तरी सुटू नये अशी ती खोल कापलेली असते. दुसऱ्या खाचेत पुरा. झिजलेल्या पिस्तुलात अर्धा चढवलेला घोडा आपणहून सुटू शकतो, म्हणून "चढवून बघू" हा मोह आवरावा.

ही स्प्रिंग करणं म्हणजे खरी कारागिरी. पोलाद लाल तापवून तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ. मग पुन्हा हळूहळू तापवायचं. पृष्ठभागावर आधी गव्हाळ, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. निळ्यावर, म्हणजे साधारण ३०० अंशांच्या आसपास, थांबायचं. थोडं आधी थांबलात तर स्प्रिंग मोडणार, थोडं नंतर थांबलात तर वाकून बसणार. झडपेची तऱ्हा वेगळी. ती लोखंडाच्या डब्यात हाडं, कातड्याचे तुकडे आणि कोळसा यांच्यात पुरून तासन्‌तास भाजायची. त्यातला कार्बन वरच्या थरात मुरतो आणि तोंड कठीण होतं. तोंड मऊ राहिलं तर दगड कितीही चांगला असो, ठिणगी पडत नाही.

एक कोडं इथे सुटतं. फ्रान्समध्ये मारँ ल बुर्जुआ नावाच्या कारागिराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ही कळ आजच्या रूपाला आणली, असं मानतात. मग हिंदुस्थानात पुढची दोनशे वर्षं तोड्याचीच बंदूक का चालली? आपले लोक मागासलेले होते म्हणून, हे शाळेतलं उत्तर मला पटत नाही. तोड्याची बंदूक बिघडली तर गावचा लोहार दुरुस्त करायचा. चकमकीच्या कळीतली स्प्रिंग मोडली तर दुरुस्तीला जायचं कुठे? शिवाय लांब नळीची तोड्याची बंदूक नेमाला चांगली होती. हातात असलेल्या साधनाला मोडकं म्हणून टाकून न देणं, यात मला शहाणपणच दिसतं.

पाटीवरचं नाव कोणाचं?

"पाटीवर लंडन लिहिलंय, म्हणजे लंडनला बनलं." हे पहिलं चुकीचं अनुमान.

लक्ष्मी रस्त्यावरून हार घेतला की डबीवर सराफाचं नाव असतं. हार घडवणारा कारागीर कुठल्या तरी बोळात, वरच्या मजल्यावर, मांडी घालून बसलेला असतो. मणी ओवणारा वेगळा, मीना भरणारा वेगळा, पॉलिशवाला वेगळा. बर्मिंगहॅमचा बंदुकांचा धंदा अगदी असाच होता. शहराचा एक भागच बंदूकवाल्यांचा म्हणून ओळखला जाई. नळीसाठी पट्टी वाकवून जोडणारा एक, तिला आतून पोखरणारा दुसरा, घासणारा तिसरा. कळीचे भाग घडणारा निराळा, कानस मारून जुळवणारा निराळा, दस्ता कोरणारा निराळा, नक्षीवाला निराळा. अर्धवट मालाचे तुकडे या दारातून त्या दारात फिरत. पाटीवरचं नाव बहुतेक वेळा शेवटी जुळवून विकणाऱ्याचं. आणि बर्मिंगहॅमचे लोकही पाटीवर "लंडन" कोरत, कारण गिऱ्हाइकाला ते आवडायचं. आपल्याकडे कुठल्याही गावच्या चिवड्यावर "स्पेशल पुणेरी" छापतात, तसंच.

मग खरं कळायचं कशावरून? हॉलमार्कवरून. सोन्याला असतो तसा नळीलाही असतो. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी मुद्दाम उडवून बघत. फुटली नाही तर ठसा मारत. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. त्यांचे ठसे म्हणजे मुकुटाखाली जी-पी ही जोडअक्षरं आणि मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह कायद्याने १८१३ मध्ये आलं. पाटीवर लंडन आणि नळीवर बर्मिंगहॅमचा ठसा दिसला तर नळीवर विश्वास ठेवायचा.

ईस्ट इंडिया कंपनीचा मालही असाच कंत्राटाने घेतलेला. जुन्या पाट्यांवर कंपनीचं हृदयाच्या आकाराचं बोधचिन्ह सापडतं, कधी सोबत कंत्राटदाराचं नाव आणि सालही. १८०८ पासून त्या जागी मागच्या पायांवर उभा, मुकुट धरलेला सिंह आला.

मित्राने पोलीस यायच्या आधी, हात न लावता, मोबाईलचा उजेड टाकून पाटीचा फोटो काढला होता. मोठा करून पाहिला तर कुंकवाच्या कडेने सिंह डोकावत होता.

म्हणजे पेशवेकालीन की नाही?

सिंह असला तर पिस्तूल १८०८ च्या आधीचं नाही, आणि पेशवाई १८१८ ला संपली. मधल्या दहा वर्षांत ते कंपनीकडून पानशांच्या माणसाकडे कसं आलं, हा प्रश्न उरतो. अण्णांकडे उत्तर तयार होतं: "खडकीच्या लढाईत हिसकावलं असेल." ती लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची. अशक्य नाही. पण कंपनीचा जुना माल पुढे संस्थानिकांकडे आणि हौशी लोकांकडे गेला, हे जास्त साधं उत्तर आहे.

मराठ्यांकडे चकमकीच्या बंदुका नव्हत्या असं मात्र कुणी समजू नये. पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहिमखानाचे गारदी कवायती बंदुका घेऊनच उभे होते. वानवडीला ज्यांची छत्री आहे त्या महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या आणि आग्र्याला बंदुका घडवायचा कारखानाच घातला. टिपूच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्यातल्या पिस्तुलांवर तर घोड्याच्या जागी वाघ कोरलेले सापडतात. पण पिस्तूल हे पायदळाचं हत्यार नव्हे, स्वाराचं आणि अधिकाऱ्याचं. बार एकच, तोही दहा-बारा पावलांपलीकडे देवाच्या भरवशावर. म्हणून खोगिराला जोडीने बांधत. बार झाला की उलटं धरून बुडाने हाणायचं. ती पितळेची टोपी नुसती शोभेची नसते.

उलट बाजूनेही फसगत होते. चकमक दिसली म्हणजे १८४० च्या आधीचंच, असंही नाही. आफ्रिकेच्या व्यापारासाठी युरोपात चकमकीच्या बंदुका त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिल्या. इंग्लंडमधल्या ब्रँडन गावात गारेचे तुकडे फोडणारे लोक विसाव्या शतकातही होते. शिवाय पूर्ण नकली माल वेगळाच. पाटीवर "टॉवर" आणि एखादं साल ठळक कोरलेलं, पितळेची भरगच्च फुलं, आणि कान पाडलेलाच नाही! शोभेच्या वस्तूंच्या दुकानात मी अशी दोन पाहिली आहेत. एकाची झडप तर पितळेची होती. पितळेवर गार घासून ठिणगी पडायची म्हणजे कलियुगच संपायला हवं. खरा माल कसा दिसतो ते डोळ्यांत बसवायचं असेल तर बाजीराव रस्त्यालगतच्या केळकर संग्रहालयात शस्त्रांसमोर अर्धा तास घालवावा.

आणि घरी सापडलेलं घासू नका. चिंच, राख, पॉलिशपेपर, काहीही नको. दोन मिनिटांत ठसे गुळगुळीत होतात आणि पिस्तुलाबद्दल सांगता येण्याजोगं जे काही असतं ते धुऊन जातं.

"पण एवढं जुनं, मग परवाना कशाला?"

चुलतभावाचं चुकलं ते इथे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार प्राचीन धरतात आणि त्याला पुष्कळ सवलत मिळते. इंटरनेटवर वाचलेला सल्ला बहुतेक तिथलाच असतो. भारतात असं एखादं साल नाही.

आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे, पण नीट वाचावी लागते. हत्यार कालबाह्य बनावटीचं असावं, किंवा पुराणवस्तू म्हणून मोलाचं असावं, किंवा नादुरुस्त असावं. आणि ते दुरुस्ती करून किंवा न करता, बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. कायदा वय विचारून थांबत नाही. तो विचारतो, हे उडेल का? आज उडत नसलं तरी दुरुस्त केल्यावर उडेल का? चकमकीच्या पिस्तुलाला गारेचा नवा तुकडा आणि स्प्रिंग बसवली की ते उडतं. त्यामुळे "जुनं आहे" आणि "बंद आहे" ही दोन्ही उत्तरं अपुरी पडतात.

"मग पोलिसांत जाऊन आपणच का अडकायचं?" ही भीती खरी आहे, आणि तिच्यापोटी लोक पिस्तूल पुन्हा माळ्यावर टाकतात किंवा रात्री मुठा नदीत फेकतात. पण वारशाने निघालेली वस्तू आपण होऊन लेखी कळवणारा माणूस आणि ती धाडीत सापडलेला माणूस, यांच्या बाजूने बोलायचा प्रसंग आला तर वकिलाला विचारा, कुणाचं काम सोपं जातं. अर्ज साधा असतो: काय सापडलं, कुठे, केव्हा, कुणासमोर. सोबत फोटो. पोच घ्यायची. परवान्याचा विषय शहरात पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.

अमेरिकेला पाठवायचं म्हणाल तर दुसरा कायदा आडवा येतो, १९७२ चा पुरावशेषांचा. शंभर वर्षांवरची अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. कुरिअरच्या खोक्यात "शोपीस" लिहून तर नाहीच नाही.

हीर कशाला अडला होता

दोन दिवसांनी पोलिसांकडचा शस्त्रांचा कारागीर आला. पन्नाशीचा, मितभाषी. त्याने चहा आधी नको म्हटला. नळी आडवी धरून लाकडी काडीने आतून हळूहळू कोरलं, तर टेबलावर पसरलेल्या सकाळच्या पेपरवर लाल मातीचा भुगा पडला. कुंभारीण माशीचं घर! वाळून खडखडीत झालेलं, आत तिच्या पिल्लांची रिकामी टरफलं. हीर पुन्हा घातला, आता तो थेट कानापर्यंत गेला. बार नव्हता. काकूंनी चहा टाकला.

मग त्याने कानाजवळचं कुंकू तेलाच्या बोळ्याने पुसलं आणि भिंग लावलं. कान दिसेना. त्या जागी लोखंडाचा एक चपटा ठिपका होता, नळीशी एकजीव झालेला. कुणीतरी, कधीतरी, कानात खिळा ठोकून वरून कानस मारली होती. १८७८ च्या इंग्रजांच्या शस्त्र कायद्याला भिऊन कुणा पणजोबाने, की नुसत्या पूजेला ठेवायचं म्हणून? घरात कुणालाच सांगता येईना. अण्णा मात्र खूश झाले, तोफखान्याच्या माणसालाच हे सुचेल म्हणाले.

चुलतभाऊ व्हिडिओ कॉलवर होताच. "बघा, उडूच शकत नाही. मग सुटलोच ना आपण?"

कारागिराने खिळ्यावरून नख फिरवलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता म्हणाला, "उडत नाही ते दिसतंय, साहेब. खिळा निघेल का, ते बघायचंय."